बाकीच्यांकडे असेलच

साइट उघडत नाही हे मला पहिल्यांदा कळलं ते कोथरूडच्या काकांकडून. काका बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, आमच्या विहाराच्या मंडळाचे अध्यक्ष आणि माझ्या साइटचे सगळ्यांत इमानी वाचक. इमानी म्हणजे ते मुख्यतः चुका काढायला वाचतात, पण न चुकता वाचतात. सकाळी त्यांचा फोन आला. “दुकान बंद केलंत का? निदान दारावर पाटी तरी लावायची.” मी कुकरला झाकण लावत होते. पाहिलं तर घरच्या इंटरनेटवर नुसतं पांढरं पान आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ, की असं काही सापडत नाही. मोबाइलच्या इंटरनेटवर मात्र सगळं जागच्या जागी होतं. मी काकांना ‘बघते’ म्हटलं, डबा भरला आणि ऑफिसला गेले.

साइट म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहिते, ज्या कुणीही वाचत नाही. कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीला काच लावून एक कोपरा केलाय, तिथे शनिवार-रविवारी बसून हे दुसरं काम. छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी मी गोळा करते. ती बोलतात, मी फोनवर रेकॉर्ड करते, मग टाइप करून साइटवर टाकते. पहिली शाळा, पहिली नोकरी, देव्हाऱ्यातले देव नदीत सोडून आले त्या संध्याकाळी घरात जेवायला काय होतं, असलं सगळं. मागे कुणी संस्था नाही, वर कुणी संपादक नाही. माझं मला मोठं अप्रूप होतं त्याचं. कुणाला विचारावं लागत नाही, एवढी एकच चैन मी आयुष्यात केली.

आत्या मात्र बरीच वर्षं तयार नव्हती. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता कसबा पेठेत पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहते. खाली दिवसभर तांब्याची भांडी ठोकण्याचा आवाज असतो, तिला तो ऐकूच येत नाही. मी विचारलं की म्हणायची, “माझं काय लिहितेस? जन्मभर इंजेक्शनं दिली, लोकांनी तोंडं वाकडी केली. संपलं.” मग एके दिवशी तिचाच फोन आला. ये म्हणाली, आणि येताना ते रेकॉर्डिंगचं आण.

एरवी ती माझ्यापेक्षा शुद्ध बोलते. गावाचं सांगायला लागली की मात्र तिची भाषा गावात जाते. “बौद्ध झालो तवा आमच्या माणसांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. मग गावानं आमचं काम तोडलं, दुकान तोडलं. आमची एक विहीर व्हती, तिच्यात कुणीतरी मेलेलं ढोर आणून टाकलं. आई बाळंतीण. मी असंन आठ-नऊ वर्साची. आम्ही घागर घेऊन थोरल्या घरच्यांच्या विहिरीवर गेलो. आपण शिवायचं न्हाईच, वरनं कुणी वतलं तर घ्यायचं. तो काठावर हुभा. हसत व्हता. म्हनला, धर्म निराळा केलात ना, आता पाणी बी निराळं बघा. आई हात जोडून हुभी, उन्हं कलेपातूर हुभी. घागर रिकामी घिऊन घरी आलो. आईला दूधच ऱ्हायलं न्हाई. बाळ गेलं.”

माझ्या वडिलांचा जन्म त्यानंतरचा. त्यांनी हे मला कधी सांगितलं नाही. त्यांना माहीत होतं की नाही, हेही आता विचारता येत नाही.

मग आत्याने काठावर उभ्या असलेल्या त्या माणसाचं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. घेतलं आणि स्वतःच थोडी दचकली. म्हणाली, आमच्या वस्तीत कुणीही ते नाव कधी घेतलं नव्हतं. घ्यायचंच नसतं. ‘थोरल्या घरचे’ म्हणायचं. तिच्या आईने त्या दिवशी हात जोडले तेही ‘थोरल्या घरचे’ म्हणूनच, आणि पुढे मरेपर्यंत ती बाळाची गोष्ट सांगायची तेव्हाही तो माणूस ‘थोरल्या घरचे’च राहिला. शिव्या दिल्या तरी ‘थोरल्या घरच्यांना’ दिल्या. “त्याचं नाव कुठंतरी राहू दे,” आत्या म्हणाली. “मागं ‘साहेब’ नको, पुढं ‘श्री’ नको. नुसतं नाव. टाकशील ना?” मी म्हटलं, टाकीन. “तसंच?” तसंच, म्हटलं.

तसंच टाकलं. आधी नेहमीप्रमाणे कुणी फारसं वाचलं नाही. मग वकिलाचा मेल आला. त्या माणसाच्या नातवंडांची आता शिक्षणसंस्था आहे, कॉलेजं आहेत, व्यासपीठावर मधली खुर्ची त्यांची असते. आमच्या अशिलांच्या दिवंगत पूर्वजांची बदनामी होत आहे, तरी सदर मजकूर तात्काळ काढावा, असं त्यात होतं. मी उत्तर दिलं की सांगणारी बाई हयात आहे, तिने स्वतः पाहिलंय, मजकूर राहील. एवढं एक वाक्य लिहून मी भलती खूश झाले होते. त्यानंतर काही दिवसांनी काकांचा तो फोन. दोन गोष्टींचा संबंध मला सिद्ध करता येणार नाही, म्हणून मी तो जोडत नाही. नुसतं एकापुढे एक लिहिते.

इंटरनेट कंपनीच्या मुलाने फोनवर मला बराच वेळ राउटर बंद-चालू करायला लावला. शेवटी म्हणाला, “मॅडम, आमच्या साइडने सगळं ओके आहे. वरून ब्लॉक असेल.” वरून म्हणजे कुठून? “वरून म्हणजे वरूनच, मॅडम.” त्याचा काही दोष नव्हता. मग मी माहितीच्या अधिकारात सरकारकडे रीतसर माहिती मागवली. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं की मागितलेली माहिती गोपनीय आहे. साइट माझी, बंद झाली ती माझी, आणि कारण माझ्यापासूनच गोपनीय. मला संताप येईल असं मी धरून चालले होते. आला नाही. रात्रभर अंगाखाली सापडलेला हात सकाळी आपला वाटत नाही, तसं सगळंच झालं होतं. मी ते उत्तर घडी करून विजेच्या बिलांच्या फाइलमध्ये लावलं आणि पालक निवडायला घेतला.

मजा अशी की साइट सगळीकडे बंदही नव्हती. कर्वेनगरात घरच्या जोडणीवर दिसत नसे, कोथरूडला एका कंपनीच्या जोडणीवर दिसे, दुसऱ्या कंपनीच्या नाही. म्हातारी माणसं एकमेकांना फोन करून सांगत, “माझ्याकडे दिसतंय, तुमचाच फोन जुना झालाय.” मी त्यांना एक ॲप घालायला शिकवायला लागले. ते चालू केलं की फोनला वाटतं आपण दुसऱ्याच देशात आहोत आणि बंद केलेलं पान उघडतं. काका म्हणाले, “मी कर्वे रस्त्यावर उभा आहे हेच माझ्या फोनला पटत नाही, नेदरलँडमध्ये आहे हे कसं पटणार?” एका आजींनी विचारलं, त्याला पासपोर्ट लागेल का. मी दुसऱ्या पत्त्यावरही साइट टाकून पाहिली. तीही थोड्या दिवसांत पांढरी झाली.

मग काकांनी विहारात रविवारच्या वंदनेनंतर सगळ्यांना थांबवून घेतलं. ते म्हणाले, एका जागी आहे म्हणून बंद करता येतं. प्रत्येकाने एकेक प्रत आपापल्या ठिकाणी ठेवायची. ज्याचा ब्लॉग असेल त्याने ब्लॉगवर, बाकीच्यांनी फेसबुकवर, ग्रुपवर, जमेल तिथे. मग करू दे म्हणावं कुणाकुणाला बंद. टाळ्या झाल्या. मी सगळ्यांना मजकूर पाठवला. बाकीच्या आठवणी मागे पडल्या, सगळ्यांनी आधी उचललं ते आत्याचं पान, कारण भांडण त्याच्यावरून होतं. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या एका बाईंनी ते ब्लॉगवर टाकलं. कुणी पुस्तिका करून पाठवली, कुणी स्वतःच्या आवाजात वाचून, कुणाच्या परदेशातल्या मुलाने आपल्या साइटवर. माझ्या ओळखीच्या नसलेल्या माणसांकडून ते फिरत फिरत माझ्याचकडे यायला लागलं. त्या आठवड्यात मला खूप बरं वाटलं. एकटी नाही असं वाटलं, आणि ते मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

आत्याला जाऊन सांगितलं की आता ते सगळीकडे आहे, कुणाच्या बापाला बंद करता येणार नाही. डोळ्यांमुळे ती फोनवर वाचत नाही. तिने विचारलं, “त्या घरात कुणी वाचेल?” मी म्हटलं, वाचतीलच. तिने मला बळंच दुसरा लाडू खायला लावला.

मंडळाने आत्याचा सत्कार ठरवला. कोथरूडला एक छोटा हॉल घेतला होता, रविवारची सकाळ. वंदना झाली, मेणबत्त्या लावल्या, आत्याला पुस्तक आणि फुलं दिली. ती कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती, नर्सची नोकरी संपली तरी तिची इस्त्री सुटलेली नाही. मग त्या कॉलेजच्या बाई तिची आठवण वाचायला उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज फार चांगला आहे. विहीर आली, घागर आली, हॉलमधली कुजबुज थांबली. पुढे त्यांनी वाचलं, “तेव्हा गावातील एका सधन कुटुंबातील व्यक्ती काठावर उभी होती.” आणि त्या तशाच पुढे गेल्या. बाळाशी पोचल्या तेव्हा लोक डोळे पुसत होते. आत्या कानामागे हात धरून ऐकत होती. टाळ्या सुरू झाल्या तशी ती माझ्याकडे झुकली. “एखादं पान राहिलं का गं त्यांचं?”

मी म्हटलं, बघते.

पोह्यांच्या वेळी बाईंना गाठलं. त्या अगदी मोकळेपणाने म्हणाल्या, “अहो, ते मी मुद्दाम गाळलं. त्यांच्याच संस्थेच्या कॉलेजात आहे मी. आणि आत्यांच्या सत्काराला उगाच भलतं वळण कशाला? बाकीच्यांकडे असेलच की.” त्यांनी मला पोह्यांवर खोबरं वाढलं.

घरी येऊन मी एकेक प्रत उघडली. पुस्तिकेत होतं ‘गावातील एक बडी असामी’. आवाजात वाचलेल्यात त्या जागी नुसती एक थांबलेली जागा होती, भावनेने थांबल्यासारखी. एकाने टिंबं दिली होती. परदेशातल्या मुलाने ‘एक गावकरी’ केलं होतं. मी फोन करत सुटले. कुणीही खोटं बोललं नाही, कुणी टाळाटाळही केली नाही. एकाच्या मुलीची त्या संस्थेत ॲडमिशन व्हायची होती. एकजण म्हणाले, आत्यांचं वय झालंय, या वयात त्यांना कोर्टाची दगदग कशाला. पुस्तिकावाल्याने मलाच उलट विचारलं की नाव महत्त्वाचं की वेदना महत्त्वाची. मी म्हटलं, त्या बाईने तुम्हाला नाव दिलं होतं. तो म्हणाला, हो, पण ते बाकीच्यांकडे आहेच ना. प्रत्येकाने आपल्यापुरतं एकच नाव काढलं होतं आणि ते इतरांच्या भरवशावर ठेवलं होतं. बाकी शब्दन्‌ शब्द जिथल्या तिथे होता. यांना वरून कुणीही काही सांगितलेलं नव्हतं.

काकांची प्रत मी शेवटी उघडली. मला त्यांची खात्री होती, म्हणून शेवटी. त्यांनी नावाच्या जागी ‘थोरल्या घरचे’ असं घातलं होतं.

त्यांना फोन केला तेव्हा ते आधी थोडे चिडले. “मी बाहेरचा एक शब्द घातलेला नाही हो. आत्यांच्याच तोंडचा शब्द आहे, मूळ मजकुरातला.” मग त्यांचा आवाज उतरला. “नाव टाइप केलं होतं मी. दोनदा केलं. आमच्या गावचं थोरलं घर निराळं, हे लोक माझे कुणी लागत नाहीत, यांच्यासारख्या कैक लोकांचे कर्जाचे अर्ज मी परत पाठवलेत. पण ते असं उघडं, नुसतं बघवेना. हात आपोआप पुसायला गेला.” शेवटी म्हणाले, “तुमच्याकडे आहे ना पण?”

होतं. माझ्या लॅपटॉपमध्ये होतं, आणि मूळ पानावर होतं, जे नेदरलँडमधल्या माणसाला बिनदिक्कत वाचता येतं. मराठी येत असेल तर.

मी आत्याकडे गेले आणि जसं झालं तसं सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, कुणाला नावं ठेवली नाहीत. फक्त म्हणाली, “म्हंजे अजून थोरल्या घरचेच.” मला तिथे रडू यायला हवं होतं. मी तिच्याबरोबर मेथी निवडायला बसले, आणि काड्या कुठल्या बाजूला टाकायच्या तेवढं विचारलं.

त्यानंतर मी प्रती दुरुस्त करा म्हणून कुणाच्या मागे लागले नाही. विहारात जाते. काका भेटतात, माझ्या नव्या लेखांतल्या चुका काढतात, फक्त हल्ली जरा हळू आवाजात काढतात. साइट अजून कर्वेनगरात दिसत नाही. काचेच्या कोपऱ्यात बसून मी नवी माणसं टाइप करते, कुणासाठी ते विचारत नाही.

मधे एका संपादकांनी विचारलं की साइट बंद झाली त्याबद्दल तुम्ही आठवण लिहाल का. पुस्तक निघतंय, छापील, म्हणजे कुणाला बटण दाबून पुसता येणार नाही. अट एकच, कुणाचंही नाव नको, बाकी काय वाटेल ते लिहा. मी लगेच हो म्हटलं. बोलणं संपवून फोन ठेवला आणि मग लक्षात आलं की मी एका क्षणाचाही विचार केला नव्हता. मनात आलं होतं ते इतकंच, की नाव मूळ पानावर आहेच.

लिहून झाल्यावर आत्याला वाचून दाखवायला गेले. खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून ती ऐकत होती. विहिरीचं वाचलं, हॉलचं वाचलं, काकांचं वाचलं तेव्हा ती म्हणाली, “चांगला माणूस आहे तो.” संपादकांच्या अटीपर्यंत आले आणि तिने हात वर करून मला थांबवलं.

“ह्यात आलं का?”

“नाही,” मी म्हटलं. “ह्यात कुणाचंच नाव नाही आत्या. तुझं नाही, माझंसुद्धा नाही.”

“तुझं कशाला पाहिजे? तू कुणाचं पाणी तोडलंस?”

खाली तांब्यावर हातोडा पडत होता. मग दवाखान्याच्या खिडकीतून पुढच्या पेशंटला पुकारावं तसं तिने स्वतःच ते नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, ना मोठ्याने ना हळू.

“हं,” ती म्हणाली, “आता वाच पुढं.”

पुढे मी काही लिहिलेलं नव्हतं.